आपला, कै. रामलिंग घोडके

"बारीक करायचं म्हणजे काय काय टाकून द्यायचं, महाराज?"

वैजू मठाच्या ओट्यावर चढायच्या आधीच बोलला. काखेत फ्लेक्सची गुंडाळी होती, जवळजवळ त्याच्याच उंचीची. ती आधी ओट्याला लागली, मग खांबाला, मग पाण्याच्या कळशीला. कळशी आडवी झाली.

उत्तमगिरी महाराजांनी कळशी सरळ केली.

"चपला," ते म्हणाले. "चपलांपासून सुरुवात कर."

वैजूनं खाली पाहिलं, जीभ चावली आणि चपला पायरीखाली भिरकावल्या. एक उताणी पडली. ती सरळ करायला तो पुन्हा खाली गेला नाही. सरळ करण्याइतका जीव त्याच्यात हल्ली नव्हताच.

मठ गावाबाहेरच्या टेकाडावर. एक बेलाचं झाड, एक समाधी, एक ओटा, एवढाच संसार. महाराज ओट्यावर बसून देवघरातले टाक घासत होते. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले देव, एकेक बोटाच्या दोन पेरांएवढा. समोर वाटीत चिंचेचा कोळ होता आणि महाराजांची बोटं तांबडी झाली होती.

"कुठं अडलं?"

"मेलच्या सहीत."

"म्हणजे?"

"मेल पाठवला की खाली आपोआप नाव येतं. एकदा लिहून ठेवायचं, मग जन्मभर तेच. त्याला सही म्हणतात."

"हाताशिवाय सही?"

"हाताशिवाय."

"बरं..." महाराज म्हणाले आणि पुढचा टाक उचलला.

"त्या सहीत दादाचा फोटो घालायचाय. मशीन घेईना. म्हणतं, चित्र फार मोठं आहे. बारीक केलं. तरी म्हणतं, मोठं आहे. आणखी बारीक केलं तर घेतं, पण दादाचा ठिपका होतो. डास चिरडल्यासारखा. महाराज, आम्ही मुंगीएवढ्या फोटोचा तीस फुटांचा आमदार करून चौकात उभा केलाय. मोठं करायला सांगा, वाट्टेल ते मोठं करतो. बारीक करायला कुणी शिकवलंच नाही."

खरंच होतं ते. तालुक्याच्या गावात घोडके बंधूंचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस असो, दहावा असो, पतसंस्थेवर निवड झालेली असो, माणूस आधी घोडक्यांच्या दुकानात मोठा व्हायचा आणि मग चौकात. थोरला रामलिंग कॉम्प्युटरवर बसायचा, मजकूर लिहायचा, गिऱ्हाइकाला मेलवर नमुना पाठवायचा. धाकटा वैजनाथ खांबावर चढून बोर्ड बांधायचा. सातवीत शाळेनं वैजूला सोडलं की वैजूनं शाळेला, यावर घरात दोन मतं होती. पण दुकानात कधी त्यावरून अडलं नाही. अक्षर थोरल्याचं, दोरी धाकट्याची.

श्रावणात रामलिंगला कावीळ झाली. पोळ्याच्या शुभेच्छांचे बोर्ड अर्धे छापून पडले होते, ते तसेच राहिले. पोळा आला तेव्हा रामलिंग नव्हता.

"ही सही मेलच्या कुठल्या टोकाला असते?" महाराजांनी विचारलं.

"शेवटी. शेपटाला."

"म्हणजे शेपटाला तोंड लावायला निघालास."

वैजूला हसू आलं. अर्ध्यावर ते वाकडं झालं, आणि त्यानं मान फिरवून बेलाच्या झाडाकडं पाहिलं.

महाराज म्हणाले, "आत्ता काय लिहिलंय शेपटाला?"

"दादानंच लिहून ठेवलंय. 'आपला, रामलिंग घोडके.' मी फक्त नावाच्या आधी 'कै.' टाकलं."

महाराजांनी ते सावकाश म्हणून पाहिलं.

"आपला, कै. रामलिंग घोडके..." त्यांची दाढी हलली. "म्हणजे कैलासवासी माणूस कळवतो, मी आपला."

"हसा!" वैजू उठून उभा राहिला. "सगळा बाजार हसतोय, तुम्ही कशाला मागं राहता? तो भुसार मालवाला कोंडबा फोन करून म्हणतो, काय रे वैजू, वरून मेल आला तुझ्या दादाचा, वर पण बोर्ड लागतात का?"

"मग तू काय केलंस?"

"त्याचा बोर्ड गटारीत टाकला."

"छापलेला?"

"छापलेला. सोनेरी अक्षरं होती..." वैजू पुन्हा खाली बसला. "दादानं सुरू केलेलं शेवटचं काम होतं ते."

महाराजांनी टाक पाण्यात बुडवला, काढला, उन्हात धरला. मग म्हणाले, "जिवंतपणी 'आपला' म्हणणारे तरी कुठं सापडतात..."

एक खारूताई समाधीवर चढली, वैजूकडं पाहून उतरली.

"'कै.' टाकायची गरज काय पडली?" महाराजांनी विचारलं.

वैजू गुंडाळीच्या टोकाशी चाळा करत राहिला. नखानं दोरीची गाठ सोडवायचा, पुन्हा आवळायचा.

"लांबच्या गावाला एक शाळा आहे. तिथल्या बाई दरवर्षी स्नेहसंमेलनाचा बोर्ड आमच्याकडून करून घेतात. दादा गेला हे त्यांना माहीत नव्हतं. मी नमुना पाठवला. खाली सही दादाची. त्यांचं उत्तर आलं, 'रामलिंगदादा, यंदा ऱ्हस्वदीर्घाच्या फार चुका आहेत. असं तुमचं कधी होत नाही. तब्येत बरी आहे ना?'"

"आणि तू काय लिहिलंस?"

वैजू पुन्हा गाठीकडं वळला.

"वैजनाथ."

"'बरी आहे' म्हणून लिहिलं."

महाराजांचा हात थांबला.

"त्यातही 'आहे' चुकलं असेल माझं," वैजू म्हणाला. "दुसऱ्या दिवशी उठून 'कै.' टाकलं. म्हटलं, शेपटानंच सांगावं ज्याला त्याला. माझ्या बोटानं ते वाक्य उमटत नाही. 'दादा' लिहिता येतं. पुढचा शब्द येत नाही. पण 'कै.' बघून माणसं हसतात, महाराज. फोटो बघून हसणार नाहीत. फोटोला हसत नाही कुणी. म्हणून फोटो पाहिजे. आणि मशीन घेईना."

"दाखव तुझा दादा."

वैजूनं गुंडाळी सोडली. ओटा पुरेना. एका टोकावर कळशी ठेवली, दुसऱ्या टोकावर दगड. शाईचा वास सुटला. दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो, माणसाएवढा छापलेला. मागं दुकानाचं शटर, झेंडूची माळ, आणि पुढं रामलिंग. निळसर शर्ट, कपाळाला गंध. उजव्या हातात पेढ्यांचा खोका. मान डाव्या बाजूला वळलेली, आणि त्या बाजूला बघत तो हसत होता. डावा हात खांद्याच्या उंचीवर लांब केलेला. कोपर दिसत होतं. कोपराच्या पुढं फ्लेक्स खाली दुमडला होता.

"छापायला कुणी सांगितलं एवढा मोठा?"

"कुणी नाही. मशीन रिकामं होतं. मीही रिकामा होतो."

महाराज वाकून बघत राहिले.

"हात कुठं गेला याचा?"

"तोच तर घोळ आहे." वैजू घाईघाईनं बोलू लागला. "अख्खा दादा बसत नाही. म्हणून मग नुसतं तोंड कापून घेतलं. ते मशीननं लगेच घेतलं. स्वच्छ आलं. पण तो बाजूला बघून हसतोय. कुणाकडं बघून, ते दिसत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं दिसतं. माझा दादा येडा दिसतो, महाराज!"

"दुसरा फोटो घे."

"नाही दुसरा. साऱ्या गावाला त्यानं चौकात उभं केलं, स्वतः कॅमेऱ्यामागं. आधार कार्डावर एक आहे, पण त्यात तो दादा नाही, कुणीतरी आरोपी आहे."

"मग हा हात..."

"आमच्या धंद्यात असं होतंच. लोक लग्नातला घोळक्याचा फोटो आणतात. त्यातून एक माणूस कापून काढायचा. माणूस निघतो, पण खांद्यावर कुणाचा तरी हात चिकटून राहतो. नुसता हात, मनगटापासून तुटलेला. दुसरे दुकानदार तसाच छापतात. दादा नाही. तो बसून पुसत राहायचा, एकेक बोट. चहा गार व्हायचा. म्हणायचा, तुटका हात अंगावर घेऊन चौकात उभं राहायला कुणाला आवडेल?"

"चांगला माणूस," महाराज म्हणाले. "तो खाली दुमडलेला भाग उलगड."

"तिथं काही नाही."

"मग उलगडायला काय हरकत आहे?"

वैजूनं दुमडलेल्या टोकावरचा दगड आणखी दाबला. वारा आला, फ्लेक्स फडफडला, कळशी डुचमळली.

महाराजांनी पुन्हा चिंच हातात घेतली. एक टाक घासला, धुतला, आणि तो वैजूच्या तळहातावर ठेवला.

"कोण हा?"

वैजूनं पाहिलं. टाक जुना होता. जिथं तोंड असायचं तिथं गुळगुळीत चांदी होती, नखावरून बोट फिरवावं तशी.

"याला तोंडच नाही."

"होतं. माझ्या गुरूंनी घासला, त्यांच्या गुरूंनी घासला, मी घासतोय. झिजलं."

"मग कशाला घासता रोज?"

"देव आहे. अंघोळ नको घालू?"

"तोंड गेलं की!"

"गेलं." महाराजांनी मान डोलावली. "कोण आहे ते सांग."

वैजूनं टाक उन्हात तिरपा धरला. खालचा घोडा झिजून शेळीएवढा उरला होता. मग उजेड एका जागी अडला. वर उगारलेला एक हात, आणि त्या हातात रुंद पात्याचा खंडा.

"खंडोबा."

"कशावरून?"

"हाता..." वैजू बोलता बोलता थांबला.

टाक त्यानं महाराजांना परत दिला. मग तो गुडघ्यावर बसला आणि फ्लेक्सचा दुमडलेला भाग खालून ओढून काढला. दगड बाजूला गेला. घडीवर शाई तडकली होती.

त्या भागात तो स्वतः होता. पांढरा, कडक इस्त्रीचा नवा शर्ट. अंग पिळवटलेलं, खांदा खाली झुकवलेला, तोंड अर्धवट उघडं, कपाळावर आठी. आणि त्या खांद्यावर रामलिंगचा हात.

"काय म्हणतोयस यात?" महाराजांनी विचारलं. "तोंड उघडं आहे तुझं."

"'हात काढ.'" वैजू म्हणाला. "'हात काढ ना दादा, शर्ट चुरगळतोय.' त्याच क्षणी फोटो निघाला."

"मग काढला हात?"

"काढला."

"पुन्हा?"

"पुन्हा नाही ठेवला. कधीच नाही. तसाच होता तो. एकदा सांगितलं की संपलं, पुन्हा सांगायची पाळी यायची नाही. मला वाटलं विसरला असेल. मीही विसरलो होतो. दवाखान्यात मी त्याचा हात उचलून माझ्या खांद्यावर घेतला. सुईनं सुजला होता, जड झाला होता. पण तो मी घेतला होता, महाराज. त्यानं ठेवला नव्हता. यात फरक असतो."

"असतो," महाराज म्हणाले.

ते 'नसतो' म्हणतील असं वैजूला वाटलं असावं. तो एकदम उठला, ओट्याच्या कोपऱ्यात चिंच चिरायची सुरी पडली होती ती उचलली आणि फ्लेक्सवर वाकला.

"हा बाजूला काढतोच. याच्यामुळंच सगळं..." सुरीचं टोक त्यानं पांढऱ्या शर्टावर टेकवलं. "इथं हा नको."

"काप," महाराज शांतपणे म्हणाले. "कापण्याआधी एवढं सांग. तू 'हात काढ' म्हणालास, त्या क्षणी तुझा दादा काय करत होता?"

वैजूनं वर पाहिलं, मग फ्लेक्सकडं.

इतके दिवस त्यानं या फोटोत स्वतःची आठी पाहिली होती. तोंड पाहिलं होतं, वाकलेला खांदा पाहिला होता. रामलिंगचं तोंड त्यानं वेगळं कापून पाहिलं होतं. दोन्ही एकदम, एका नजरेत, त्यानं पाहिलं नव्हतं.

रामलिंग हसत होता. बाजूला नाही, भिंतीकडं नाही. त्या आठीकडं बघत, डोळे बारीक करून, लहान पोर पाण्यात पाय आपटतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसा.

सुरी वैजूच्या हातात राहिली... मग राहिली नाही.

महाराजांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली. वैजू तोंड दंडात खुपसून बसला होता. शर्ट भिजत होता. महाराजांनी त्याला रडू दिलं. उरलेले दोन टाक घासून झाले, पुसून झाले.

मग ते म्हणाले, "तुझ्या मशीनला केवढं लागतं?"

"बारीक." वैजूनं नाक पुसलं. "दोन बोटं रुंद. फार तर तीन."

"चल, करू बारीक."

"कापून?"

"कापायचं नाही. दुमड. ते टोक धर."

दोघं ओट्यावर ओणवे झाले. आधी शटर आत गेलं. मग झेंडूची माळ. मग चार पाय, नवे बूट आणि जुन्या चपला. पेढ्यांचा खोका आत गेला तेव्हा वैजू म्हणाला, "पेढे तर राहू द्या," आणि स्वतःच दुमडले.

"आता तोंड," महाराज म्हणाले.

"माझं?"

"दोन्ही."

वैजूचे हात जागीच राहिले.

"दादाचं तोंड दुमडू?"

"दुमडलेलं जातं कुठं?"

त्यानं आधी स्वतःचं दुमडलं. मग, दोन्ही हातांनी, अंथरुणातल्या माणसाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं, रामलिंगचं.

पाटाएवढा चौकोन उरला. जाड, घड्यांनी फुगलेला. वर पांढऱ्या शर्टाचा एक खांदा, आणि त्यावर एक हात. बोटं पसरलेली. अंगठ्याच्या नखात निळी शाई, कितीही धुतलं तरी न निघणारी. बोटांच्या खाली शर्टाला सुरकुत्या पडल्या होत्या.

"चुरगळला होता खरंच," वैजू पुटपुटला.

"हे घेईल तुझं मशीन?"

"घेईल. एवढंच असेल तर घेईल. बारीक केलं तरी हात हातच दिसेल." तो त्या चौकोनाकडं बघत राहिला. "पण लोकांना कसं कळणार कुणाचा हात आहे ते?"

महाराज वाटीतला उरलेला कोळ निपटू लागले. वाटीतला हात त्यांनी धुतला नाही. चिंचेनं तांबडा झालेला ओला हात तसाच उचलला आणि वैजूच्या खांद्यावर ठेवला.

शर्टावर डाग पसरत गेला. वैजूचा खांदा सवयीनं थोडा हलला, हलता हलता थांबला. मग स्थिर राहिला.

बेलाचं एक पान पडलं, वाऱ्यानं ओट्याखाली गेलं.

"महाराज..."

"हं."

"खाली 'कै. रामलिंग' तर राहू देऊ? नाहीतर दादा गेला हे कुणी सांगायचं लोकांना?"

महाराजांनी हात काढला नाही.

"'आपला' तसंच राहू दे," ते म्हणाले. "पुढं तुझं नाव लिही."